अबालाल आणि आमच्या शिवारातला कडुनिंब



गेल्या महिन्यात अंबड तालुक्यातून एका भगिनीचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका, असं तिने लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र थोडक्यात असं: "भाईसाहब, माझी मुलगी दहावीला आहे. अभ्यासात बरी आहे. पण वेळ मिळाला की चित्रं काढते. तीही कुठली, तर गावाबाहेरचा ओढा, बांधावरची बाभळ, पडकी विहीर. सासूबाई म्हणतात, तसवीर काढणं गुनाह आहे. तिचे अब्बा म्हणतात, यात पोट भरत नाही. आणि दीर हसून म्हणतात, आपल्या या उजाड मुलखात काढण्यासारखं आहे तरी काय? मला काही सुचत नाही. तुम्ही मास्तर होता, तुम्हीच सांगा."

खरं सांगतो, या पत्राचं उत्तर मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडून टाकलं. कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या घरात आला होता, आणि तेव्हा मी जे उत्तर दिलं ते आज मलाच पटत नाही. ते पुढे सांगतो. आधी एका माणसाची ओळख करून देतो.

त्यांचं नाव अबालाल रहिमान. मूळ नाव अब्दुल अझीझ. राहणार कोल्हापूर. वडील हाताने कुराणशरीफच्या प्रती लिहून देत. छापखाने घरोघर पोचण्याआधीचा तो काळ. बोरू, शाई, ओळीची शिस्त आणि नुक्ता जिथल्या तिथे पडला पाहिजे ही काळजी, हे सगळं अबालालांनी लहानपणी घरातच पाहिलं. चित्रकलेच्या शाळेत जाण्याआधी त्यांची खरी शाळा ती झाली, असं मला वाटतं. ज्या हाताला एक अक्षर चुकवायचं नाही अशी सवय लागते, तो हात झाडाची फांदीही वाटेल तशी ओढत नाही.

पुढे कोल्हापुरातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेत हा मुलगा आला आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची संधी मिळाली. ती शाळा १८५७ साली सुरू झालेली. तिथे इंग्रजी पद्धतीचं शिक्षण. समोर वस्तू ठेवायची, तिचा उजेड कुठला, सावली कुठली, हे मोजून-मापून कागदावर उतरवायचं. अबालालांनी त्यात असं नाव काढलं की १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं. मराठी मुलखातला एक गरीब मुसलमान मुलगा, आणि साऱ्या विद्यार्थ्यांत पहिला.

आता वाचक म्हणतील, मग त्यांनी मुंबईतच बस्तान बसवलं असेल. राजेरजवाडे, पारशी शेठ, इंग्रज साहेब, सगळे आपापली चित्रं काढून घेत होते. पैसा तिकडेच होता. पण अबालाल कोल्हापूरला परत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांना माणसाची पारख होती. ज्यांनी १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, तेच हे शाहू महाराज.

दरबारचे चित्रकार म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जरीचा फेटा आणि मखमलीची गादी येते. अबालालांचं तसं नव्हतं. ते शहराच्या कडेला, कोटितीर्थ तलावाच्या काठी फकिरासारखे राहत. सकाळी निघायचं, रंकाळ्यावर जायचं, पंचगंगेच्या घाटावर बसायचं, नाहीतर कोटितीर्थाच्याच पाण्याकडे बघत राहायचं. रंकाळ्यात संध्यामठ म्हणून एक जुनी दगडी इमारत आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की ती निम्मी बुडते. कोल्हापूरकर ती रोज बघतात आणि पुढे जातात. अबालाल थांबले. ती इमारत, तिच्यावरचं ऊन, खालचं पाणी, हे त्यांनी रंगवलं. त्यांनी माणसंही रंगवली, पण त्यांचं नाव राहिलं ते गावच्या पाण्यामुळे, झाडांमुळे आणि उजेडामुळे.

उत्तरवयात त्यांची रंग लावायची पद्धतही बदलली. सपाट रंग फासण्याऐवजी छोटे-छोटे ठिपके, छोटे फटकारे शेजारी-शेजारी ठेवायचे. जवळून पाहिलं तर नुसते डाग, चार पावलं मागे गेलं की पाण्यावरचं ऊन हलायला लागतं. फ्रान्समधल्या चित्रकारांनी त्याच सुमारास असंच काही केलं म्हणून जाणकार त्यांची तुलना तिकडच्यांशी करतात. मी जाणकार नाही. मला एवढंच दिसतं की एकच तलाव वर्षानुवर्षं पाहणाऱ्याला शेवटी पाण्याचं खरं रूप सापडलं.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचं निधन झालं. कोल्हापुरात आजही सांगतात, की त्या दुःखात अबालालांनी आपली असंख्य चित्रं तलावात बुडवून टाकली. ज्या पाण्याने चित्रं दिली, त्याच पाण्याला परत केली. १९३१ साली अबालाल अल्लाहला प्यारे झाले. जी चित्रं उरली, त्यांतली काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहेत. बाबूराव पेंटरांपासून पुढच्या पिढ्यांनी त्यांना गुरुस्थानी मानलं. आज कोल्हापूरला 'कलापूर' म्हणतात, त्या कलापुराच्या पायातला एक दगड या कातिबाच्या मुलाचा आहे.

आता पत्रातल्या तीन प्रश्नांकडे येऊ.

पहिला प्रश्न सासूबाईंचा. त्यांच्या बोलण्याला हसू नये. त्या ईमानदारीने बोलत आहेत. सजीवांच्या तसविरीबद्दल आपल्या बुजुर्गांनी कडक शब्दांत सांगितलेलं आहे आणि त्याबाबत आलिमांमध्ये चर्चाही पुष्कळ आहे. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण एक रिवायत सर्वांना माहीत असायला हवी. हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे एक जण आला. म्हणाला, माझी रोजी हाताच्या कामावर, चित्रं काढण्यावर आहे. त्यांनी त्याला आधी इशारा दिला. तो घाबरला, तेव्हा मात्र त्याला वाट दाखवली: काढायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात जीव नाही अशा वस्तू काढ. बुखारीशरीफमध्ये ही रिवायत आहे.

आणि नुसती रिवायतच नाही. दमास्कसची उमय्या मशीद खलिफा वलीद यांच्या काळात, इसवी सन ७१५ च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्या भिंतींवर रंगीत काचेच्या आणि सोन्याच्या बारीक तुकड्यांचं काम आहे. त्यात मोठमोठी झाडं आहेत, वाहती नदी आहे, पूल आहेत, घरं आहेत. माणूस नाही, जनावर नाही. तेराशे वर्षं तिथे नमाजी उभे राहत आले आहेत आणि त्यांच्या डोक्यावर नदी-झाडांचं ते चित्र आहे. मग तुमची मुलगी बांधावरची बाभळ काढत असेल तर सासूबाईंना हे सांगा. प्रेमाने सांगा, वाद घालून नाही. त्यांना समजेल.

दुसरा प्रश्न अब्बांचा, पोटाचा. हा प्रश्न तर फार जुना आहे. इंग्लंडमध्ये सफोक नावाच्या शेतीच्या मुलखात जॉन कॉन्स्टेबल हा चित्रकार १७७६ साली जन्मला. बापाच्या पाणचक्क्या होत्या, धान्याचा व्यापार होता. बापाची इच्छा, पोराने धंदा बघावा. पोराचं लक्ष चक्कीच्या पाण्याकडे, नदीकाठच्या झाडांकडे. पुढे त्याने त्याच चक्कीच्या परिसरातलं, नदीतून चाललेल्या गाडीचं चित्र १८२१ साली काढलं. 'द हे वेन' या नावाने आज ते जगाला माहीत आहे. गंमत म्हणजे घरच्या लोकांआधी परक्यांनीच त्याची कदर केली. १८२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. तो भाग आज तिकडे 'कॉन्स्टेबलचा मुलूख' म्हणून ओळखला जातो आणि लोक लांबून बघायला येतात. मुलूख तोच होता. एकाने नीट पाहिला म्हणून तो इतरांना दिसला.

पण तुमच्या मुलीला लगेच कॉन्स्टेबल व्हायचं नाही, दहावी व्हायचंय. म्हणून व्यवहाराचं सांगतो. राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा होतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएट पास झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. दिल्या नसतील तर शाळेत चौकशी करा. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन बी. एफ. ए.ला जाता येतं. त्यासाठी मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. जालन्याहून सकाळी निघालं तर दीड-दोन तासांत पोचता येतं. कलाशिक्षकाची पदविका आहे, कपड्याच्या नक्षीकामापासून पुस्तकांच्या चित्रांपर्यंत कामं आहेत. लखपती होईल असं मी म्हणत नाही. विज्ञान शाखेतही सगळे लखपती होत नाहीत. आणि चित्रकलेबरोबर दुसरं शिक्षणही घेता येतं. दोन्ही वाटा खुल्या ठेवा, एवढंच म्हणणं.

तिसरा प्रश्न दिरांचा. या उजाड मुलखात काढण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. कारण आपल्या मुलखाबद्दल आपण सगळेच असं बोलतो. निसर्ग म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं, महाबळेश्वर आठवतं, कॅलेंडरवरचं काश्मीर आठवतं. जालना म्हटलं की बियाणं, लोखंडाच्या सळ्या, टँकर. 'जालना सोने का पालना' ही म्हणसुद्धा बाजारपेठेची आहे, शिवाराची नाही.

पण बाहेर येऊन बघा तर खरं. आमच्या भोकरदन तालुक्यात उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग. हिवाळ्यात सकाळी ती निळी दिसते, उन्हाळ्यात दुपारी राखेच्या रंगाची, आणि पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत हिरवी. त्याच रांगेत पलीकडे अजिंठ्याची लेणी. १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला आल्या, तेव्हा त्यांच्या मदतीला हैदराबादेहून आलेल्यांत सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन हे दोन मुसलमान चित्रकार होते. सय्यद अहमद तर पुढे त्या लेण्यांचे क्युरेटर झाले. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात. म्हणजे रंगाचं काम या मातीला परकं नाही.

खाली आलं की काळी जमीन. वखरलेली असताना तिचा रंग एक, पाऊस पडल्यावर दुसरा, कापूस फुटल्यावर तिसरा. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग बघा. अंबड-घनसावंगीच्या दक्षिणेला गोदावरीचं पात्र बघा. परतूरकडे दुधना बघा. फाल्गुनात माळावर पळस पेटतो, तेव्हा अंगावर एक पान नसतं आणि फुलं मात्र निखाऱ्यासारखी. हे काश्मीरमध्ये नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सगळं टिकून राहणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा आठवा. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यातल्या कितीतरी उभ्या वाळल्या. ज्यांनी पोरांसारखी झाडं वाढवली, त्यांनीच कुऱ्हाड चालवली. समृद्धी महामार्ग बदनापूर-जालना तालुक्यांतून गेला. त्याचा उपयोग आहे, मीही त्यावरून जातो. पण जिथून तो गेला, तिथले बांध, विहिरी, आंबे गेले. त्या बागा, ते बांध कसे दिसत होते, हे आज किती घरांत शिल्लक आहे? लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरी आहेत, मागचं झाड अर्धं कापलेलं आहे.

आता माझ्या घरची गोष्ट.

माझी मोठी मुलगी शाळेत असताना चित्रं काढायची. आमच्या धाब्याच्या घराच्या गच्चीवर बसून समोरचं गाव काढायची. नववी संपली तेव्हा मी तिच्या वह्या उचलून ट्रंकेत टाकल्या आणि कुलूप लावलं. म्हणालो, "बेटा, दहावी आहे, आता हे बस्स." तिने वाद घातला नाही. रडलीही नाही. चांगले मार्क मिळवले, डी. एड. केलं, शिक्षिका झाली, आज संसारात सुखी आहे. पण पुन्हा तिने चित्र काढलेलं मी पाहिलं नाही. मीही ट्रंक उघडायचं विसरलो. मला वाटत होतं, मी बापाचं कर्तव्य केलं.

माझे अब्बा १९९८ साली वारले. गावच्या कब्रस्तानात त्यांची कच्ची कबर. उशाला एक दगड, बस्स. पक्की कबर नको, नाव कोरू नका, ही त्यांचीच वसियत होती. ओळखायची खूण म्हणजे मोठा कडुनिंब. त्याच्या बुंध्यापासून ओढ्याच्या बाजूला मोजून गेलं की अब्बा. काही वर्षांनी वादळात तो कडुनिंब पडला. पुढे एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आत शिरलं, माती वाहून गेली. मग कंपाउंडच्या भिंतीचं काम निघालं आणि जमीन सारखी करताना उरलेसुरले दगडही हलले. मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो. परत आलो तर सगळं मैदान सपाट.

दर शब-ए-बरातला मी कब्रस्तानात जातो. गेल्या दहा-बारा वर्षांत मी कुठेतरी अंदाजाने उभा राहायचो आणि फातेहा पढायचो. माझी बीबी म्हणायची, "दुआ कुठूनही पोचते. अल्लाहला पत्ता लागत नाही." तिचं खरं आहे. पण मुलाच्या पायांना कळायला हवं ना, की आपण कुठे उभे आहोत.

यंदा रमजानच्या आधी घराला चुना लावायचा म्हणून सामान बाहेर काढलं. माझी नात सुट्टीला आलेली. आठवीत आहे. तिने ती ट्रंक उघडली आणि ओरडली, "नाना, ही चित्रं कोणाची?"

वह्या उंदरांनी कडेने कुरतडल्या होत्या. आत पेन्सिलीची, पाण्याच्या रंगाची चित्रं. आमची गल्ली, मशिदीचा मिनार, पाराची चिंच. आणि एक चित्र, गच्चीवरून दिसणाऱ्या कब्रस्तानाचं. पलीकडे ओढा, मागे डोंगराची निळी रेघ, अलीकडे जुनी दगडी भिंत, तिला पडलेलं खिंडार. मधोमध कडुनिंब. आणि त्याच्या सावलीच्या कडेला कबरींची रांग, मातीचे छोटे उंचवटे. पोरीने एकेक उंचवटा मोजून काढला होता. कडुनिंबापासून ओढ्याच्या बाजूला तिसरा, थोडा नवा, त्यावरची माती जरा लालसर. बाजूला तारीख घातलेली. २००२ ची.

मी ते चित्र घेऊन गच्चीवर गेलो. दगडी भिंत गेली असली तरी तिच्या खिंडाराजवळचा मैलाचा दगड अजून तिथेच आहे. ओढ्याचं वळण तेच आहे. डोंगराची रेघ तर कोण हलवणार? नातीने एक डोळा मिटून, पेन्सिल हातात लांब धरून माप घेतलं. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी शिकवलंय म्हणे. मग आम्ही दोघं खाली उतरून कब्रस्तानात गेलो. ती फाटकाबाहेर उभी राहून हाताने खुणा करत होती, "नाना, आणखी डावीकडे. बस्स, तिथंच."

अगदी वीतभर जागा सापडली, असं मी म्हणणार नाही. चित्र म्हणजे नकाशा नव्हे. पण रांग कळली. कडुनिंब कुठे होता ते कळलं. जमिनीत त्याचं कुजलेलं मूळही पायाला लागलं. इतकी वर्षं मी पंधरा-वीस पावलं चुकीच्या बाजूला उभा राहत होतो.

संध्याकाळी मगरिबनंतर मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अब्बा, ते चित्र काढताना दादाजींची कबर म्हणून नव्हतं काढलं. कडुनिंबाची सावली जमत नव्हती, म्हणून तीन दिवस बसले होते." मी म्हणालो, "बेटा, ट्रंकेला कुलूप लावायला नको होतं." ती म्हणाली, "जाऊ द्या, अब्बा." आणि मग विचारलं, "रंग वाळलेत का हो सगळे?"

वाचकहो, म्हणून मी तुमच्या पत्राचं उत्तर दोनदा फाडलं. पहिल्या उत्तरात मी मुलीला आधी दहावी करू द्या असं लिहिलं होतं. दुसऱ्यात तिला मोठी चित्रकार करा असं लिहिलं होतं. दोन्हींत मी तिच्या चित्राकडे पाहिलंच नव्हतं. माझ्या मुलीने सावली जमेना म्हणून तीन दिवस पाहिलं. त्या पाहण्यामुळे माझ्या अब्बांची जागा राहिली.

सय्यद हैदर रझा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी जन्म. वडील जंगल खात्यात. शिक्षण नागपूरच्या चित्रशाळेत, मग मुंबईच्या जे. जे. त. १९५० साली ते फ्रान्सला गेले आणि साठ वर्षं तिकडेच राहिले. पण चित्रांत नर्मदेकाठचं जंगल येत राहिलं, रात्रीच्या जंगलातला काळोख येत राहिला. २०१६ साली दिल्लीत वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं. अबालाल गाव सोडून गेलेच नाहीत, रझा जग फिरून आले. दोघांचं मूळ एकाच जागी होतं, लहानपणी डोळे भरून पाहिलेल्या मुलखात.

तर अंबडच्या भगिनी, एवढं करा. मुलीला एक चांगली वही आणि पाण्याच्या रंगांची एक पेटी घेऊन द्या. महाग नको. तिला सांगा, हिरवा रंग तयार ट्यूबमधला तसाच लावू नकोस. बाभळीचा हिरवा वेगळा, कडुनिंबाचा वेगळा, तुरीचा वेगळा. पिवळा-निळा मिसळून आपापला शोध. सकाळी फजरनंतर आणि दुपारी असरनंतर बस, तेव्हा सावल्या लांब असतात. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. आणि प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ, जागा लिही. कॉन्स्टेबल ढगांची चित्रं काढायचा, तेव्हा मागे दिवस आणि वेळ लिहून ठेवायचा. त्याला आभाळ चुकवायचं नव्हतं. आपल्याला आपलं शिवार चुकवायचं नाही.

रविवारी तासभर. परीक्षेच्या महिन्यात कमी. पण कुलूप नको.

आणि तिच्या अब्बांना माझा सलाम सांगा. त्यांना एकदा तिच्याबरोबर ओढ्यावर जायला सांगा. ती चित्र काढत असताना शेजारी नुसतं बसावं. काही बोलू नये. ती काय बघतेय ते बघावं. आपल्या शेतातून रोज जाणाऱ्या माणसालाही अशा वेळी एखादं झाड पहिल्यांदा दिसतं, हे मी या वयात शिकलो.

ती वही आता ट्रंकेत नाही. नातीने ते कब्रस्तानाचं चित्र फ्रेम करून भिंतीवर लावायला सांगितलं. मी म्हणालो, नको. ते कुराणशरीफच्या रॅकखाली, खालच्या कप्प्यात, जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवलंय. सात-बाराच्या शेजारी. आमच्या घरात ज्याला किंमत आहे, ते सगळं तिथेच असतं.

येत्या सुट्टीत माझी मुलगी येणार आहे. गच्चीवर चटई टाकून ठेवली आहे. नातीने आजच रंगांची पेटी मागितली, दोन मागितल्या. दुसरी कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह. खुदा हाफिज.